पंखाचा ओठ

"ओटा?" रबरी नळीतून ह्यांचा आवाज आला.

"शांत."

"अंगण?"

"शांत."

"वेस?"

"शांत आहे हो सगळं. आता पुरे करा ना!"

"अजून थोडा वेग कमी करतो. डोळे मिटलेस ना?"

मिटले होते. उघडले. माझ्या दोन्ही बाजूंना विमानाचे पंख पसरले होते आणि त्यांच्यावर लाल लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे ओळीने चिकटवलेले होते. ते मीच चिकटवले होते, सायकलच्या पंक्चरला लावतात त्या सोल्युशनने, सबंध एक दुपार पंखावर पालथं पडून. नणंदेच्या स्वेटरमधली उरलेली लोकर होती ती. पंखावरून हवा नीट वाहत असली की तुकडे मागे झोपून राहत, केस विंचरून चापून बसवावेत तसे. हवा पंखाला सोडून गेली की उभे राहून गरगरत. माझं काम एवढंच, की कुठले कधी उठतात ते ओरडून सांगायचं. ह्यांनी ओळींना आकडे दिले होते, पण वर गेल्यावर भीतीने मला एकही आकडा आठवेना. म्हणून मी माझी नावं दिली. आपण बसतो त्याच्या लगतचा भाग ओटा, मधला अंगण आणि पंखाचं पार टोक म्हणजे वेस.

"साठ मैल," हे म्हणाले. "पंचावन्न."

विमानाचं नाक वर उचललेलं होतं. समोर ह्यांचं डोकं आणि त्याच्या पलीकडे नुसतं आभाळ. इंजिनाचा आवाज इतका खाली आला होता की वाऱ्याची शीळ ऐकू यायला लागली.

"ओटा हलला!" मी ओरडले. "डावीकडचा! उजवीकडचाही! अहो, नाचायला लागले सगळे!"

आणि विमानाला हुडहुडी भरली. दुसरा शब्द नाही. हिवतापाच्या माणसाची खाट हलते तसं ते सबंध थरथरायला लागलं. सीट, पत्रा, माझे गुडघे, दात.

"वेस बघ! वेस सांग!"

"शांत आहे! वेस शांत आहे! खाली करा ना नाक, देवा!"

"वा!" हे म्हणाले. नाक खाली झालं, वेग आला, लोकर पुन्हा निजली आणि थरथर थांबली. माझी मात्र थांबली नाही.

खाली उतरल्यावर माझे हात सीटच्या कडेवरून सुटेनात. ह्यांनी एकेक बोट सोडवलं. मी शेडच्या मागे जाऊन ओकले. परत आले तर पागनीस साहेब पेला घेऊन उभे होते. ते आमच्या फ्लाइंग क्लबचे मुख्य शिक्षक, हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले, भरघोस मिशांचे.

"घ्या कुमुदबाई, लिंबूपाणी. फार सुरेख ओरडता तुम्ही. नळी नसती तरी मला खाली ऐकू आलं असतं."

"साहेब, दुसरं कोणी बसवा ना."

"कोणाला? मागे बसणारं माणूस वजनाला हलकं हवं आणि गप्प न राहणारं हवं. आमच्या क्लबात सगळे जाडे आणि मुखदुर्बळ." मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "परचुरे, बायकोला एक पट्टा तरी घेऊन दे रे."

मी ह्यांची विजार घातली होती, कमरेला परकराची नाडी बांधून. नऊवारीत विमानात बसायला साहेबांनी साफ मनाई केली होती. त्या दिवसांत आमच्या गावात विजार घातलेली बाई म्हणजे तमाशाच. मी जाता-येता वरून शाल गुंडाळून घेत असे.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. आमचं गाव कृष्णेच्या काठचं, जिकडे बघावं तिकडे ऊस. आदल्या वर्षी उसावर पाकोळीची कीड पडली आणि क्लबच्या विमानातून औषध फवारायचं ठरलं. ते काम अच्युत शेवडे करायचा. ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र, आमच्या लग्नात ह्यांच्या मागे छत्री धरून चाललेला. फवारणीचं विमान उसाच्या तुऱ्यांवरून जेमतेम पुरुषभर उंचीवर जातं, आणि शेताच्या टोकाला सावकाश वळून परत येतं. औषधाची टाकी भरलेली, वेग कमी. अशाच एका वळणावर अच्युतच्या विमानाचा एक पंख अचानक खाली कलला. बांधावर उभ्या असलेल्या माणसांनी सांगितलं, काही आवाज नाही, हिसका नाही, चांगलं वळत होतं आणि पडलं.

त्या वर्षीच्या हंगामाला ते काम ह्यांच्याकडे आलं होतं.

हे विमानाचे इंजिनियरही होते आणि वैमानिकही. अच्युत गेल्यावर ह्यांनी दुसरं काही केलंच नाही. पंखाची पुढची कड जराशी खाली वाकवली, तिला ओठासारखा आकार दिला, तर कमी वेगातही पंख हवेला धरून राहतो, असं ह्यांनी कुठेकुठे वाचून, हिशेब करून काढलं. लाकडाच्या फासळ्या आणि वर पातळ पत्रा, असा तो ओठ शिकवण्याच्या जुन्या विमानाच्या पंखांना बसवला. पण फक्त बाहेरच्या अर्ध्या भागाला, अंगणापासून वेशीपर्यंत. ओट्याकडचा पंख होता तसाच ठेवला. प्रयोगाची परवानगी दिल्लीहून आली होती. यात यश आलं तर फवारणीच्या विमानाला तोच ओठ लागणार होता, आणि त्या विमानात हे बसणार होते.

म्हणून मी मागे बसायला कबूल झाले. त्या वेळी मला दोन भीती होत्या, आणि विमानात बसण्याची भीती त्यातली लहान.

त्या संध्याकाळी हे जेवायला बसले तेव्हा फार खुशीत होते.

"वेस शेवटपर्यंत शांत राहिली, कळतंय का तुला? म्हणजे टोकाचा पंख शेवटपर्यंत माझ्या हातात होता. अच्युतला हे मिळालं असतं तर..."

"आमटी वाढू?"

"वाढ. तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना." मी आमटी वाढली. मग म्हटलं, "एक सांगू? मला उंचीची भीती वाटत नाही. नाक वर जातं त्याचीही आता सवय झाली. पण ती थरथर मला सोसत नाही. असं वाटतं की विमानच घाबरलंय. मग मी कोणाच्या भरवशावर बसायचं?"

हे भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसले.

"त्या थरथरीने काही होत नाही, कुमुद."

"तुम्हाला होत नसेल. मला रात्री झोपेतसुद्धा खाट हलल्यासारखी वाटते."

"बरं," हे म्हणाले. "बघू या."

त्यानंतर आठवडाभर हे शेडमध्येच होते. विचारलं तर म्हणत, "थोडी डागडुजी आहे." मला वाटलं, पत्रा सैल झाला असेल. मग एका सकाळी स्वतःच माझी शाल घेऊन दारात उभे राहिले.

"चल. आज थरथर होणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे होणार नाही. शब्द देतो."

शेडबाहेर विमान उभं होतं आणि पागनीस साहेब त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते.

"परचुरे, हे काय केलंस? ओठ पार अंगापर्यंत आणलास?"

"हो साहेब. मधे मोकळी राहिलेली जागा भरून काढली."

"अर्ध्याने काम भागत होतं."

"अर्ध्याने इतका फरक पडला, तर सबंध पंखाला लावून किती पडेल बघा ना. ओटासुद्धा शांत राहील."

"ओटा?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "हे तुमचं घरगुती विमानशास्त्र मला कळत नाही. कागदावर मांडून बघितलंस?"

"बघितलं. हवा जास्त वेळ धरून राहते."

"आणि सोडते तेव्हा?"

"उशिरा सोडते."

"उशिरा सोडते ते कळलं रे. कशी सोडते?"

हे पंखाची कड पुसायला लागले, आणि साहेबांनीही ताणून धरलं नाही. ह्यांच्या हिशेबावर त्यांचा विश्वास होता. फक्त म्हणाले, "ठरलं होतं त्याच्या दुप्पट उंचीवर जा. वरचं काचेचं झाकण इथेच काढून ठेव. आणि दोघांनी पॅराशूट बांधायची. कुमुदबाई, ही कडी ओढायची, पण बाहेर पडल्यावर. आत बसून ओढलीत तर सगळ्या गावाला तुमच्या छत्रीची घडी घालावी लागेल."

मी हसले. खरंच हसले. थरथर होणार नाही म्हटल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं.

वर जायला फार वेळ लागला. उघड्या डोक्याला गार वारा लागत होता. खाली नदी चांदीच्या साखळीसारखी पडली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना उसाचे हिरवे चौकोन. मला पहिल्यांदाच वरून आमचं गाव सुंदर दिसलं.

"सुरू करतो," नळीतून आवाज आला. "ओटा?"

"शांत."

"साठ. ओटा?"

"शांत."

"पंचावन्न. आता?"

मागच्या वेळी इथेच सुरू झालं होतं. मी सीटची कड धरली, दात आवळले आणि वाट पाहिली. काही झालं नाही. लाल लोकर चापून बसली होती, एक तुकडासुद्धा हलत नव्हता.

"शांत!" मी म्हटलं. "अहो, अगदी शांत!"

"बघ!" हे नळीतच हसले. "सांगितलं नव्हतं? पन्नास."

"शांत!"

"अंगण?"

"शांत. वेसही शांत. सगळं घर निजलंय!"

"अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. बाई गं, हे विमान या वेगाला उडायलाच नको खरं तर."

नाक इतकं वर होतं की मी पाठीवर निजल्यासारखी बसले होते. इंजिनाची नुसती कुजबुज, वाऱ्याची शीळही गेली. इतकी शांतता मी वर कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, हे असंच असायला हवं होतं पहिल्यापासून.

मग उजव्या पंखावरची सगळी लोकर एकदम उभी राहिली.

ओटा, अंगण, वेस, सगळी एका क्षणात. मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. उजवा पंख खालून कोणी ओढून घ्यावा तसा गेला, आभाळ बाजूला सरकलं आणि जमीन माझ्या खांद्यापाशी आली.

"काही नाही," हे म्हणाले. "गिरकी आहे. काढतो."

आम्ही फिरत होतो. नदी, ऊस, डोंगर, नदी, ऊस, डोंगर. ह्यांचे खांदे हलताना दिसत होते. एक पाय पूर्ण ताणलेला, दांडा पुढे ढकललेला. गिरकीतून विमान कसं काढायचं ते हे क्लबातल्या पोरांना रोज शिकवत. दांडा पुढे, उलट्या बाजूचा पाय, आणि नाक खाली जाऊन विमान सुटतं. पण नाक खाली जात नव्हतं. ते क्षितिजावरच होतं आणि आम्ही फिरवलेल्या ताटासारखे आडवेच खाली चाललो होतो. मला किंचाळता येत नव्हतं. छातीत हवाच नव्हती. मी फक्त लोकरीकडे बघत होते, कारण ते माझं काम होतं, आणि लोकर वेड्यासारखी उलटी, पुढच्या दिशेने उडत होती.

"निघत नाही," हे म्हणाले. आवाज शांत होता. त्या शांतपणाची मला जितकी भीती वाटली तितकी गिरकीची नाही वाटली. "कुमुद, पट्टा सोड. बाहेर पड."

"तुम्ही?"

"तू आधी. लवकर."

"तुम्ही येणार ना?"

"पट्टा सोड गं!"

मी पट्टा सोडला. उठून उभी राहायला गेले तर फिरण्याच्या जोराने मी बाजूला दाबली गेले. कसंबसं अंग उचललं. बाहेर पंख होता, त्यापलीकडे फिरणारी पोकळी. त्या पोकळीत पाऊल टाकायचं होतं. मी टाकू शकले नाही. हे धैर्य नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. मला बाहेर पडायची भीती वाटली, बस. मला फक्त माणूस हवं होतं. आमच्या दोघांच्या मधे कंबरेएवढी पत्र्याची आडभिंत होती, तिच्यावरून मी पुढे पडले आणि मागून ह्यांच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. नळी तुटली. हे ओरडत होते ते हातांना कळत होतं, ऐकू येत नव्हतं. ह्यांनी एका हाताने माझा हात ओढला आणि दुसऱ्याने इंजिन पूर्ण उघडलं.

नाक हललं. आधी जरासं, मग धाडकन खाली गेलं. गिरकी मंदावली, थांबली, आणि आम्ही सरळ उसाकडे निघालो, पण उडत. वाऱ्याचा आवाज परत आला. ह्यांनी हळूहळू, पंखाला दुखेल अशा काळजीने विमान वर घेतलं. ते आडवं झालं तेव्हा खाली विहिरीवरचा एक माणूस वर बघत होता. त्याचा पटका पांढरा होता आणि तोंड उघडं होतं, इतकं मला दिसलं.

माझं वजन पुढे गेलं म्हणून नाक पडलं, की इंजिन उघडलं म्हणून, की दोन्हींमुळे, यावर पुढे क्लबात पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. मी ह्यांचा गळा धावपट्टीवर चाकं टेकल्यावरच सोडला.

विमान थांबलं तरी आम्ही दोघं उतरलो नाही. पागनीस साहेब धावत आले. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"लागलंय का कोणाला? कुमुदबाई? परचुरे, बोल काहीतरी!"

"नाही," हे म्हणाले.

साहेबांनी पंखाला हात लावून उभ्याउभ्या दम घेतला. चेहरा लाल झाला होता. "आडवी गिरकी. खालून दिसत होती. मी फेरे मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, आता उडी मारतील, आता मारतील. कशासाठी केलंस हे? चांगलं चाललं होतं ना अर्ध्या ओठाचं? कागद पुरा होता, परवानगी पुरी होती. काय हवं होतं तुला आणखी?"

हे उतरून पंखापाशी गेले. ओट्याजवळची लोकर झडून गेली होती, नुसते सोल्युशनचे काळे ठिपके राहिले होते. त्यावरून बोट फिरवत म्हणाले,

"हिला थरथर सोसत नव्हती."

मी अजून आतच बसले होते. त्या संध्याकाळची आमटी मला आठवली, आणि आमटीत तसाच धरून ठेवलेला तो तुकडा.

"म्हणून तू ती काढून टाकलीस," साहेब हळू आवाजात म्हणाले. रागावलेले असते तर बरं झालं असतं. "अरे, ओट्याकडचा पंख आधी सुटायचा, विमान थरथरायचं, आणि टोकाचा पंख तोवर तुझ्या हातात असायचा. थरथर म्हणजे विमान सांगत होतं तुला. अच्युतचं विमान थरथरलं होतं का? बांधावरच्या माणसांनी काय सांगितलं होतं?"

हे खाली बसले, तिथेच, चाकाला टेकून. अच्युतच्या चितेजवळही हे रडले नव्हते. आता रडले.

मी कशी उतरले ते आठवत नाही. विजारीची नाडी सुटत आली होती. ह्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू द्या, सोसेन मी."

"म्हटलंच असतं."

"तेच नको होतं मला," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओठाचा आतला अर्धा भाग कापून काढला. मी जवळ उभी होते. पत्रा कापताना निघणारा आवाज अंगावर काटा आणणारा होता, तरी मी हलले नाही. त्या अर्ध्या ओठाची विमानं पुढे कितीतरी हंगाम आमच्याकडच्या उसावरून फिरली, हे साठीपर्यंत उडत राहिले आणि म्हातारे होऊन अंथरुणात गेले. ते सगळं नंतरचं. मला सारखी आठवते ती त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ.

मी नवीन लोकर चिकटवली होती. हे म्हणाले, "तू नको बसूस. दुसरा कोणी बघतो मी."

"कोण ओरडेल माझ्याइतकं?"

"कुमुद, भीती वाटेल तुला."

"वाटेलच. तुम्ही फक्त ती घालवायला जाऊ नका."

वर गेलो. साठ. पंचावन्न. ओटा नाचायला लागला, आणि विमानाला तीच जुनी हुडहुडी भरली. माझे गुडघे पत्र्यावर आपटले, दात वाजले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी गावाला ऐकू जाईल अशी ओरडले, "ओटा हलला! अहो, ओटा हलला!" हे एका शब्दानेही मला गप्प करायला गेले नाहीत. नाक खाली झालं. असं त्या सकाळी किती वेळा केलं कोण जाणे, प्रत्येक वेळी मी तितकीच ओरडले.

उतरल्यावर शेडच्या मागे जाऊन आले. पागनीस साहेब लिंबूपाण्याचा पेला धरून उभे होते.

"काय कुमुदबाई, गेली का भीती?"

"नाही हो साहेब. तेवढीच आहे."

त्यांनी पेला माझ्या हातात दिला.

"छान. मग उद्याही तुम्हीच बसा."